तिसऱ्या दिवशीचा ठणका

डॉक्टरमावशीची पत्रपेटी

बालदोस्तांनो,

दातांचा विषय निघाला की आपल्या पत्रपेटीत पत्रांचा नुसता पाऊस पडतो. कुणाचा दुधाचा दात हलतोय पण पडायचं नाव घेत नाही, कुणाला तारा लावायच्या आहेत, तर कुणी लपून खाल्लेल्या चॉकलेटांचा हिशोब माझ्याकडेच मागतं! पण या वेळी आलेलं एक पत्र मी दोनदा वाचलं. लिहिणारी मैत्रीण नववीत आहे. ‘नाव छापू नका हं’ असं तिने वरच लिहून खाली दोन रेघा मारल्यात. म्हणून नाव-गाव गाळून ते पत्र देते.

‘प्रिय डॉक्टरमावशी, माझा दादा एकवीस वर्षांचा आहे. त्याची खालची अक्कलदाढ आडवी आली होती. ती काढली. दोन दिवस बरे गेले. पण तिसऱ्या रात्री तो उठून बसला. म्हणाला, दाढ होती तेव्हासुद्धा एवढं दुखत नव्हतं. कानात कळा येत होत्या, तोंडाला घाण वास येत होता. बाबा म्हणाले, एवढा घोडा झालास आणि दाताला रडतोस? आजीने लवंग दिली. सकाळी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, पण काही उपयोग नाही. दादा म्हणायला लागला की डॉक्टरांनी दाढेचा तुकडा आतच ठेवला असणार. शेवटी आई त्याला परत दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, ड्राय सॉकेट झालंय. त्यांनी खड्डा धुतला, आत औषधाची पट्टी भरली आणि तासाभरात दादा चक्क झोपला. नंतर चार वेळा पट्टी बदलावी लागली. आता दुखत नाही, पण खड्डा अजून दिसतो.

मावशी, आता खरी गोष्ट. दादा गच्चीवर जाऊन सिगारेट ओढतो. दाढ काढली त्याच संध्याकाळीही ओढली. हे फक्त मला माहीत आहे. त्याने मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातलीय. डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं, पण आई शेजारी बसली होती म्हणून तो नाही म्हणाला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या बाजूची दाढ काढायची आहे. मी सांगितलं असतं तर त्याला एवढं दुखलं नसतं का? आता मी काय करू?’

मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, टाळणार नाही. पण त्याआधी दाढेच्या त्या खड्ड्यात नेमकं काय होतं ते सगळ्यांनीच समजून घेऊया. म्हणजे उत्तर आपोआप अर्धं मिळेल.

तोंडातली खपली

खेळताना गुडघा फुटला की काय होतं? रक्त येतं, थोड्या वेळात थांबतं, मग त्यावर खपली धरते. आणि ती वाळायच्या आत कुणी नखाने उकरली की आई ओरडते! बरोबर ना? खपली म्हणजे शरीराने स्वतःच बांधलेलं बँडेज. तिच्याखाली नवी कातडी तयार होत असते.

दाढ काढल्यावरही अगदी असंच होतं. विजेच्या सॉकेटमध्ये पीन बसते ना, तशी दाढ जबड्याच्या हाडातल्या खोबणीत घट्ट बसलेली असते. इंग्रजीत त्या खोबणीलाही सॉकेटच म्हणतात. दाढ निघाली की खोबण रक्ताने भरते आणि थोड्याच वेळात त्या रक्ताची गुठळी होते. फायब्रिन नावाचे बारीक धागे एकमेकांत विणले जातात आणि त्या जाळ्यात रक्ताच्या पेशी अडकून बसतात. तोंड कायम ओलं असतं, त्यामुळे इथली खपली वाळून कडक होत नाही. ती जेलीसारखी मऊ राहते. दिसायला क्षुल्लक, पण खालचं हाड आणि तिथल्या नाजूक नसा ती झाकून ठेवते, आणि नवी पेशीजाळी तिच्याच आधाराने वाढते.

ही गुठळी जागेवरून निघाली किंवा वेळेआधी विरघळली, तर खोबण रिकामी पडते आणि आतलं हाड उघडं होतं. मग हवा लागली तरी सणक, पाणी लागलं तरी सणक, अन्नाचा कण गेला तरी सणक! यालाच ‘ड्राय सॉकेट’ म्हणजे कोरडी खोबण म्हणतात. अमेरिकेतल्या क्रॉफर्ड नावाच्या दंतवैद्यांनी १८९६ साली दंतवैद्यकाच्या एका मासिकात या दुखण्याबद्दल लिहिलं, तेव्हापासून हे नाव चालत आलंय.

तिसरा दिवसच का?

नेहमीच्या जखमेचं दुखणं उतरणीला लागलेलं असतं. पहिल्या दिवशी जास्त, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. कोरड्या खोबणीचं उलटं. आधी बरं वाटतं आणि मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास ठणका अचानक वाढतो. नेहमीच्या गोळ्यांना तो फारसा दाद देत नाही. तोंडाला वास येतो, चव बिघडते. आरशात पाहिलं तर काळपट लाल गुठळीऐवजी रिकामा खड्डा दिसतो, कधी तळाशी पांढुरकं हाडही दिसतं.

आणि कान का दुखतो? दुखणं दाढेचं आणि कळ कानात, हा काय प्रकार? तर खालच्या दाढांच्या संवेदना मेंदूकडे नेणारी आणि कानाजवळच्या भागाच्या संवेदना नेणारी नस एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत. एका फांदीवरून फार जोराचा निरोप गेला की मेंदूचा गोंधळ होतो, आणि शेजारची जागाही दुखतेय असं त्याला वाटतं. दादाचा कान ठणठणीत होता, पण त्याचं दुखणं मात्र अगदी खरं होतं.

कुणाला होतं?

छोट्या दोस्तांनो, घाबरू नका! दुधाचा दात पडला किंवा काढला तर हा त्रास क्वचितच होतो. तारा लावण्यासाठी दात काढावे लागले तरी तुमच्या वयात याची शक्यता कमीच. मोठ्या माणसांचे साधे दात काढले, तर शंभरात साधारण एक ते पाच जणांना होतो. पण खालच्या अक्कलदाढेची गोष्ट वेगळी. तिथे हे प्रमाण पुष्कळ जास्त आहे. काही पाहण्यांमध्ये तर ते शंभरात तीसपर्यंतही गेलंय. खालच्या जबड्याचं हाड जास्त टणक, त्यात रक्तपुरवठा कमी, आणि आडवी दाढ काढायची म्हणजे बऱ्याचदा थोडं हाडही कोरावं लागतं.

गुठळी घालवणारी कारणंही अनेक. जोरात चूळ भरणं, पचापच थुंकणं, स्ट्रॉने शीतपेय ओढणं. यामुळे गुठळीला हिसका बसतो. जखमेत जंतू वाढले किंवा दाढ काढताना आजूबाजूच्या हाडाला मार बसला, तर शरीरातलीच काही रसायनं जागी होतात आणि ते फायब्रिनचे धागे विरघळवून टाकतात. म्हणजे सगळं पथ्य पाळूनही कुणाकुणाला हा त्रास होतोच. सिगारेट, विडी, तंबाखू मात्र धोका नक्की वाढवतात. धूर ओढताना हिसका बसतो, शिवाय निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळतं. आपल्याकडे दात घासायला मिश्री वापरतात, तीही भाजलेली तंबाखूच बरं का! ‘मी कुठे तंबाखू खाते?’ असं म्हणणाऱ्या किती तरी आज्या आणि मावश्या दिवसातून दोनदा ती हिरडीवर चोळत असतात.

आजीची लवंग आणि डॉक्टरांची पट्टी

आजीला लवंग सुचली, यात नवल नाही. लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचं द्रव्य असतं. ते दुखऱ्या जागेला बधिर करतं. खोबणीत भरायच्या कितीतरी औषधांमध्ये हेच युजेनॉल असतं. म्हणजे आजीची दिशा बरोबर होती, फक्त प्रमाणाची गफलत. निव्वळ लवंगतेल उघड्या जखमेवर ओतलं तर हिरडी भाजते. लवंगेची पूड किंवा कापूस आत कोंबला तर त्याचे कण अडकून बसतात. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवणारेही असतात. त्यानेही हिरडी भाजते, तेव्हा तसं अजिबात करू नका.

मग डॉक्टर काय करतात? आधी सलाइनसारख्या कोमट द्रावणाने खोबण हलक्या हाताने धुतात. अडकलेले अन्नाचे कण काढतात. तुकडा राहिल्याची शंका असेल तर एक्सरे काढून बघतात. मग औषधाची पट्टी किंवा लगदा आत ठेवतात. उघडं हाड झाकलं गेलं की ठणका झपाट्याने ओसरतो. तासाभरात दादा झोपला, त्यात जादू काही नव्हती. त्याच्या हाडावर पांघरूण पडलं होतं, एवढंच!

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ही पट्टी दुखणं थांबवते, जखम मात्र शरीरच भरतं. काही पट्ट्या आपोआप विरघळतात. काही एक-दोन दिवसांनी बदलाव्या लागतात आणि शेवटी काढाव्याच लागतात. दुखणं थांबलं म्हणून जाणं बंद केलं आणि पट्टी आतच राहिली, तर तीच जखम भरायला अडथळा करते. म्हणून डॉक्टर ‘परत ये’ म्हणतात. ते काही उगाच हेलपाटे घालायला लावत नाहीत.

आणखी एक. दुकानातून परस्पर आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी कोरडी खोबण बरी होत नाही. ताप, सूज, पू असेल तर त्या लागतात, आणि ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

भरून यायला किती दिवस?

ठणका साधारण सात ते दहा दिवसांत पूर्ण जातो. खड्डा मात्र तळापासून हळूहळू भरत येतो, जशी विहीर झऱ्याने भरते तशी. आधी लालसर मऊ पेशीजाळी येते, मग कडेची हिरडी आत सरकत झाकण घालते. त्याला तीन-चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आत हाड भरायला तर काही महिने जातात. तेव्हा दादाला खड्डा दिसतोय, म्हणून काळजीचं कारण नाही.

या काळात काय करायचं? अर्धा चमचा मीठ पेलाभर कोमट पाण्यात घालून जेवणानंतर हलक्या गुळण्या करायच्या. पाणी खळखळवायचं नाही, नुसतं तोंडात फिरवून बेसिनमध्ये सोडून द्यायचं. बाकीचे दात नेहमीसारखे घासायचे, खड्ड्याजवळ ब्रश जपून. खायला मऊभात, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, दही, पिकलेलं केळं. शेंगदाणे, चिवडा, पॉपकॉर्न, तीळ हे कण अडकवणारे पाहुणे काही दिवस दूरच बरे. टूथपिक, काडी, जिभेचं टोक यांनी खड्ड्याची तपासणी करायची नाही. (जीभ जातेच, मला माहीत आहे! तरी आवरायची.) अन्न अडकत असेल तर काही डॉक्टर बोथट तोंडाची पिचकारी देतात आणि ती कशी वापरायची ते दाखवतात.

ताप आला, सूज वाढत गेली, तोंड उघडेना, गिळायला त्रास व्हायला लागला, पू आला, रक्त थांबेना किंवा ओठाची बधिरता जाईना, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आता मैत्रिणी, तुझं उत्तर

पहिली गोष्ट, यात तुझा दोष नाही. दादाची दाढ खालची होती आणि आडवी होती, म्हणजे धोका मुळातच जास्त. सिगारेटने तो आणखी वाढवला असणार, पण त्या एका सिगारेटमुळेच गुठळी गेली असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकणार नाही. डॉक्टरांना खरं सांगायचं काम दादाचं होतं, नववीतल्या बहिणीचं नव्हतं. ते ओझं तू उगाच वाहते आहेस. खाली ठेव बघू!

दुसरी गोष्ट, आता खरं सांगायची वेळ आहे आणि हातात महिना आहे. दादा शांत असेल तेव्हा त्याच्याशी बोल. भांडणात नको, आईबाबांसमोर नको. हे पान त्याच्यापुढे ठेव आणि म्हण, ‘दादा, तू आईला सांगू नकोस हवं तर, पण डॉक्टरांना सांग.’ तो एकवीस वर्षांचा आहे. आईला बाहेर बसवून तो आत एकटा जाऊ शकतो. रुग्णाने सांगितलेलं स्वतःपाशी ठेवणं हा डॉक्टरांच्या कामाचाच भाग आहे. डॉक्टर ‘सिगारेट ओढतोस का’ असं विचारतात ते रागवायला नाही. त्यावर पुढची तयारी ठरते. दाढ काढण्याआधी आणि नंतर वापरायचं क्लोरहेक्सिडिनचं औषधी पाणी आहे, त्याने कोरड्या खोबणीचा धोका कमी होतो. सिगारेट किती दिवस आधी आणि नंतर पूर्ण बंद ठेवायची, हेही ते सांगतील. कदाचित तेवढ्या दिवसांत दादाला उमगेल की सिगारेटशिवाय राहता येतं. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत फोन नंबर आहे. तो सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, फक्त ओढणाऱ्यांचं लक्ष जात नाही!

आणि दादाने ऐकलंच नाही तर? मग आईला सांग. शपथ मोडल्याने कुणाच्या गळ्याला काही होत नाही, यावर विश्वास ठेव. दादा चार दिवस बोलणार नाही, तुलाही वाईट वाटेल. पण ज्या गुपितामुळे आपल्या माणसाला इजा होते, ते एकटीने सांभाळायचं नसतं. चुगली वेगळी आणि काळजी वेगळी. चुगली दुसऱ्याला मार बसावा म्हणून करतात. तू तर त्याला त्रास होऊ नये म्हणून झोप घालवून बसली आहेस.

आईबाबांसाठी चार ओळी

हे पान तुम्हीही वाचता, हे मला ठाऊक आहे, म्हणून तुमच्याशीही बोलते. दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी कुणी कळवळलं तर ‘एवढ्याशा दाताला काय रडतोस’ म्हणू नका. उघड्या हाडाचं दुखणं भल्याभल्यांना रडवतं, आणि हसं होईल या भीतीने मुलं मग पुढचं दुखणं लपवायला शिकतात. दात काढायला जाताना चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा. सोळा वर्षांखालच्या मुलांना अॅस्पिरिन आपल्या मनाने देऊ नका. दाढ काढल्यावर दिलेला बोळा डॉक्टर सांगतील तितका वेळ, साधारण अर्धा ते पाऊण तास, घट्ट चावून धरायचा. पहिले चोवीस तास थुंकणं नाही, चूळ नाही, स्ट्रॉ नाही. तंबाखू कुठल्याच रूपात नाही. खर्चाची चिंता असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय तर १९३३ पासून आहे. तिथे कमी खर्चात उपचार होतात. जिल्हा रुग्णालयातही दातांच्या डॉक्टरांची चौकशी करा.

आणि मुलांसमोर डॉक्टरांशी बोलताना तुम्ही स्वतः खरं सांगता का, तेही एकदा आठवून बघा. मिश्रीचा डबा लपवून ‘छे, मी काही घेत नाही’ म्हणणारी आई आणि खिशातली पुडी चाचपत मान हलवणारे बाबा, दोघांकडेही घरातली पोरं टक लावून बघत असतात बरं!

चला दोस्तांनो, जागा संपली. पुढच्या आठवड्यात आठवीतल्या एका मित्राच्या प्रश्नाचं उत्तर आहे: ‘तारा लावल्यावर पेरू खाता येतो का?’ तोपर्यंत रात्री झोपताना दात घासायला विसरू नका, आणि पत्रं पाठवत राहा. नाव छापू नको म्हणालात तर नाही छापणार, अगदी नक्की!

तुमची,
डॉक्टरमावशी